नोंद आहे, पण सापडत नाही

बऱ्याच दिवसांपासून या विषयावर लिहायचं मनात होतं. निमित्तं दोन. एक म्हणजे नातेवाईकांचा नेहमीचा प्रश्न, "तू कॉम्प्युटरवर काम करतोस ते ठीक, पण करतोस काय नक्की?" आणि दुसरं, आमच्या बीड जिल्ह्यात २०२३ पासून घरोघरी ऐकू येणारं वाक्य, "नोंद आहे म्हणतात, पण सापडत नाही." मला विचाराल तर या दोन्ही गोष्टी एकच आहेत. माझं निम्मं आयुष्य असलेली नोंद लवकर कशी सापडेल यातच गेलंय. म्हणून म्हटलं, आज दोन्ही एकदम सांगून टाकू. लेख थोडा लांबेल, चहा घेऊन बसा :-)

आधी पार्श्वभूमी. मराठा समाजातल्या ज्यांच्या पूर्वजांची कागदोपत्री 'कुणबी' अशी नोंद आहे, त्यांना कुणबी दाखला मिळावा ही मागणी जुनी. १ जून २००४ ला राज्य सरकारने इतर मागासवर्गाच्या यादीत कुणबीच्या जोडीला 'मराठा-कुणबी' आणि 'कुणबी-मराठा' ही नावं घातली होती. पण यादीत नाव असणं वेगळं आणि आपल्या खापरपणजोबांच्या नावापुढे तो शब्द लिहिलेला कागद हातात असणं वेगळं. तोही १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असेल तर उत्तम. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कुळांच्या नोंदवह्या, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं. ऑक्टोबर २०२३ अखेर सरकारने आकडा सांगितला: सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले, त्यात कुणबी नोंदी सापडल्या ११,५३०.

आरक्षण कुणाला असावं, कुणाला नसावं या वादात मी इथे शिरत नाही. घरातल्या जेवणावळीत तो विषय पुरेसा होतो. मला त्या दोन आकड्यांनी पकडून ठेवलं. भागाकार करून बघा: साधारण दीड हजार कागद उलटावेत तेव्हा एक नोंद. एक कागद बघायला एक मिनिट धरलं, तर १ कोटी ७२ लाख मिनिटं म्हणजे २ लाख ८६ हजारांवर तास. रोज आठ तास काम केलं तर एका माणसाला जवळपास ३६ हजार दिवस. हजार माणसं लावली तरी ३६ दिवस, तेही एकही सुट्टी न घेता. आणि एक मिनिटात मोडी वाचून होते हे माझं गृहीतक फारच उदार आहे!

आता प्रश्न असा, की एवढं उलटत का बसावं लागलं? ही दप्तरं काही उकिरड्यासारखी टाकलेली नव्हती. महसुली दप्तराइतकं शिस्तीत लावलेलं काही आपल्याकडे नसेल. कागद जिल्ह्याप्रमाणे, मग तालुक्याप्रमाणे, मग गावाप्रमाणे, आणि गावात सर्व्हे नंबराप्रमाणे. तुम्ही म्हणालात, 'अमक्या गावचा, अमक्या नंबराचा कागद दाखवा,' तर जाणता कारकून दहा मिनिटांत गठ्ठा सोडून दाखवेल. कारण ही सगळी मांडणी महसुलासाठी होती. सरकारला रोज पडणारा प्रश्न 'या जमिनीचा सारा कोण देणार?' हा. 'या माणसाची जात काय?' हा प्रश्न कुणी रोज विचारत नव्हतं. त्याचं उत्तर कागदावर लिहिलेलं होतं खरं, पण त्या उत्तराच्या क्रमाने कागद लावलेले नव्हते.

आम्ही कॉम्प्युटरवाले ज्याला इंडेक्स म्हणतो तो हाच. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. इंडेक्स म्हणजे कुणीतरी आधीच ओळखून ठेवलेला प्रश्न. तुमचा सातबारा आणि ८-अ बघा. सातबारा जमिनीच्या नंबराने लावलेला, तर ८-अ खातेदाराच्या नावाने. जमीन तीच, माहितीही बरीचशी तीच. पण एका गावात तुमच्या चुलत्याची जमीन चार ठिकाणी असेल तर ८-अ वर चारही गट नंबर एकाखाली एक मिळतात. त्यासाठी अख्ख्या गावाचे सातबारे चाळावे लागत नाहीत. आणि महाभूलेखवर सातबारा काढायला गेलात तर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव विचारतात. त्यानंतर गट नंबर किंवा नाव. गाव न सांगता नुसतं नाव सांगायची सोय नाही. सूची ज्या क्रमाने बांधली त्याच क्रमाने आत शिरावं लागतं, मधल्याच पायरीवर उडी मारता येत नाही.

कॉम्प्युटरमधली आजची सूची ज्या पद्धतीवर उभी आहे, ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोईंग कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास मांडली. त्याला बी-ट्री म्हणतात. कल्पना साधी आहे. सूचीच्या एका पानावर ३०० नावं मावतात असं धरा. पहिलं पान सांगतं की पुढच्या ३०० पैकी कोणत्या पानावर जायचं, ते पान सांगतं त्याच्या पुढच्या ३०० पैकी कुठे जायचं. तीन पानं उलटली की ३०० गुणिले ३०० गुणिले ३०० म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते. १ कोटी ७२ लाख कागद यात आरामात बसतात. तीन पानं! एकीकडे हजार माणसांचे ३६ दिवस आणि दुसरीकडे तीन पानं. आमच्या धंद्याचा सगळा खेळ या फरकावर चालतो.

पण खरी गंमत, किंवा खरी अडचण म्हणा, पुढेच आहे. सूची असून ती कामाला येत नाही अशी एक जागा असते.

निजामाच्या राजवटीत कागदांवर फसली सन असायचा. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. समजा एखाद्या गावची रजिस्टरं फसली सनाने ओळीने लावली आहेत आणि साहेबांनी हुकूम सोडला, '१९३१ ते १९३५ ची रजिस्टरं आणा.' एक कारकून काय करेल? प्रत्येक रजिस्टर काढेल, त्यावरचा सन बघेल, त्यात ५९० मिळवेल, उत्तर साहेबांच्या हुकमात बसतं का ते पाहील, बसत नसेल तर परत ठेवेल. रजिस्टरं ओळीने लावलेली असूनही त्याने सगळं कपाट उपसलं. दुसरा कारकून हुकमातल्या आकड्यांतूनच ५९० वजा करेल, सन सुरू व्हायची तारीख जुळत नाही म्हणून मागे एक वर्ष जास्त धरेल, आणि थेट १३४० ते १३४५ च्या खणात हात घालेल. दोघांचंही गणित बरोबरच. पण पहिल्याने गणित प्रत्येक कागदावर केलं, दुसऱ्याने ते एकदाच, प्रश्नावर केलं.

डेटाबेसमध्ये आपण स्वतः लिहिलेलं फंक्शन हे त्या ५९० मिळवण्यासारखं असतं. कागदावरची किंमत घ्यायची, तिच्यावर काहीतरी प्रक्रिया करायची, आणि उत्तर पाहायचं. सूचीत मूळ किंमत क्रमाने आहे, प्रक्रियेनंतरची नाही. मशीनला काय माहीत प्रक्रियेनंतर क्रम टिकतो की नाही? ते बिचारं पहिल्या कारकुनासारखं सगळं कपाट उपसतं. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात 'सिस्टिम आर' नावाचा प्रकल्प चालला होता. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लिहिलेला त्यांचा निबंध आजही शिकवला जातो. सूचीला लागू पडू शकणाऱ्या अटींसाठी 'सार्जेबल' हा शब्द त्याच मंडळींचा. आजही मुलाखतीत नव्या पोरांना हा शब्द विचारतात. अर्थ एवढाच, की रकाना अटीत एका बाजूला मोकळा उभा पाहिजे. त्याला फंक्शनमध्ये गुंडाळलं की तो सूचीच्या कामाचा राहत नाही.

फसलीचं गणित उलटं करता आलं म्हणून दुसरा कारकून सुटला. सगळीच गणितं उलटी होत नाहीत. बीडच्या कागदांचंच बघा. निजामी कारभाराची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू. गावपातळीवरचं बरंच लिखाण मोडीत. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळत नाहीत. उर्दूत ण नाही, ळ नाही आणि ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत; 'कुणबी' लिहिला तर दिसतो क-न-ब-ई. त्यातून मराठीतही कुणी कुणबी लिहितो, कुणी कुळंबी. गावांची तऱ्हा तीच. अंबाजोगाईचा कागद शोधायचा तर मोमिनाबाद माहीत पाहिजे, कारण निजामाच्या काळात तिचं तेच नाव. इंग्रजी गॅझेटियरात बीडचं 'भीर' आहे आणि माजलगावचं 'मांजलेगाव'. म्हणजे 'हा शब्द कुणबीचंच रूप आहे का?' हे फंक्शन प्रत्येक कागदावर चालवणं आलं. आणि ते चालवणारं यंत्र म्हणजे चष्मा लावून बसलेला मोडी किंवा उर्दू जाणणारा माणूस. मोजकेच असे जाणकार, आणि कागद पावणेदोन कोटींच्या घरात. जगातलं सगळ्यात महागडं फंक्शन ते हेच!

अशा वेळी पहिली युक्ती म्हणजे स्वस्त अटी आधी आणि महागडी अट शेवटी. हवा असलेला तालुका, हवी ती सालं आधी साध्या माणसाकडून निवडून घ्या, जातीचा रकानाच नसलेली रजिस्टरं बाजूला काढा, आणि उरलेलंच जाणकारापुढे ठेवा. कोणताही अनुभवी कारकून हे न सांगता करतो. डेटाबेसला मात्र ते शिकवावं लागलं. जोसेफ हेलरस्टीन आणि मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९९३ मध्ये नेमका यावरच निबंध लिहिला. तोवर सगळ्या अटी सारख्याच स्वस्त धरल्या जायच्या.

दुसरी युक्ती जास्त मोठी आहे, आणि ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. त्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जाऊन येऊ.

१९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. ६५ वर्षांच्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळणार होतं. पण वयाचा पुरावा? त्या पिढीतल्या कित्येकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. (ओळखीचं वाटतंय ना?) पुरावा एकच होता, जुन्या जनगणनेची पानं. ती पानं प्रांत आणि वस्तीप्रमाणे लावलेली, नावाप्रमाणे नव्हे. शिवाय गणना करणाऱ्याने ऐकू आलं तसं नाव लिहिलेलं. स्मिथ, स्मिथे, स्मायथ, काहीही. उपाय मात्र तयार होता. रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ मध्ये 'साउंडेक्स' या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं: आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली एकाच उच्चाराची नावं मग एकाच खणात पडतात. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेवर असलेल्या लोकांना बसवून जनगणनेतल्या घरांची कार्डं लिहून घेतली गेली आणि ती साउंडेक्सच्या क्रमाने लावली गेली.

काय केलं त्यांनी? फंक्शन प्रत्येक नोंदीवर चालवलंच, कष्ट वाचले नाहीत. पण ते एकदाच चालवलं, उत्तर लिहून ठेवलं, आणि त्या उत्तरांच्या क्रमाने नवी सूची बांधली. पुढे येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्यासाठी फक्त त्याच्या एकट्याच्या नावावर फंक्शन चालवायचं आणि थेट खण उघडायचा.

यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. १८८० च्या जनगणनेची ही सूची सगळ्या घरांची केलीच नव्हती. ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल होतं तेवढ्याच घरांची केली. कारण १९३५ नंतर पासष्टीला पोचणार होती ती मुलं. बाकीच्यांशी पेन्शनच्या प्रश्नाला देणंघेणं नव्हतं. पुढे आपल्या खापरपणजोबांचा शोध घेणाऱ्या अमेरिकनांना ही सूची मिळाली, पण ज्यांच्या घरात १८८० मध्ये लहान मूल नव्हतं त्यांची घरं तिच्यात नाहीत. जनगणनेत आहेत, सूचीत नाहीत. नोंद आहे, पण सापडत नाही.

आणि हे खण आपल्या नावांना लावायला जाऊ नका. साउंडेक्स इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं. आमच्या गेवराईचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत 'व्ही' घालून आणि आता 'जिओराई' असं वाचता येईल असं. दोन्हींचे साउंडेक्स आकडे वेगळे येतात. वाघ आडनाव 'डब्ल्यू'ने लिहिलं की एका खणात आणि 'व्ही'ने लिहिलं की दुसऱ्या. भीर आणि बीडचं तर विचारूच नका.

डेटाबेसमध्ये ही युक्ती यायला वेळ लागला. बर्कलीत स्टोनब्रेकर यांनी १९८६ पासून 'पोस्टग्रेस' बांधायला घेतलं. वापरणाऱ्याला स्वतःची फंक्शनं लिहिता यावीत हा त्याचा एक मुख्य हेतू. ग्रंथालयांच्या सूचीचं काम करणारे क्लिफर्ड लिंच आणि स्टोनब्रेकर यांनी १९८८ मध्ये अशा वापरणाऱ्याने ठरवलेल्या सूचींवर लिहिलं. ग्रंथपालाला हा प्रश्न आधी सुचावा यात नवल नाही. 'दि', 'श्री' वगळून पुस्तकं लावायची सवय त्यांनाच! ऑरॅकलने १९९९ मध्ये आठ-आय आवृत्तीत फंक्शनवरचा इंडेक्स आणला. पोस्टग्रेसचा वारस असलेल्या पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये कोणत्याही पदावलीवर इंडेक्स करायची सोय २००३ मध्ये ७.४ आवृत्तीत आली, आणि मायएसक्यूएलमध्ये थेट सोय व्हायला २०१८ उजाडलं. म्हणजे १९१८ च्या पेटंटनंतर बरोबर शंभर वर्षं.

माझ्या कामातला एक किस्सा सांगतो. मराठवाड्यातल्याच एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाने खातं शोधायला इतका वेळ लागायचा की काउंटरवरचा माणूस चहा मागवून पिऊन घ्यायचा. नवा सर्व्हर आणला होता, उपयोग शून्य. आत बघितलं तर ज्याने कुणी ते लिहिलं होतं त्याने विचार चांगला केला होता. ग्यानबा, ग्यानोबा आणि ज्ञानोबा एकच धरायचे; विठ्ठल, विठल, इठ्ठल एकच; 'राव', 'बाई', 'जी' गाळायचे; ऱ्हस्व-दीर्घ विसरायचं. सुंदर फंक्शन होतं, मराठवाड्याची नस ओळखणारं. फक्त ते प्रत्येक शोधाच्या वेळी प्रत्येक खातेदाराच्या नावावर चालायचं. एका नावाला एक मिलिसेकंद लागला तरी दहा लाख नावांना हजार सेकंद, म्हणजे पाऊण तासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आम्ही ते फंक्शन मोडलं नाही. खातं उघडतानाच नावाचं साधं रूप काढून शेजारच्या रकान्यात लिहायचं आणि सूची त्या रकान्यावर बांधायची, एवढंच केलं. खातं उघडायला किंचित वेळ जास्त, डिस्कवर थोडी जागा जास्त. शोध मात्र चटकन. लोकांना वाटलं, जादू केली. जादू कसली, १९३५ च्या अमेरिकन कारकुनांची कार्डं होती ती!

याच दुखण्यावर एक वेगळं औषध आपल्या पवईतही शोधलं गेलं. फंक्शन दर ओळीला बोलावणं म्हणजे दर कागदामागे उठून दुसऱ्या खिडकीवर जाऊन विचारून येणं. खिडकीच्या आत काय चालतं ते मशीनला दिसत नाही, म्हणून त्याला रस्ता आखता येत नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन, त्यांचे विद्यार्थी कार्तिक रामचंद्र आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये दाखवलं की फंक्शनचं पोटच उघडून ते मूळ प्रश्नात मिसळून टाकता येतं. पुढे रामचंद्र यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये 'फ्रॉइड' या नावाने हे काम नेलं आणि ते एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये आलं. खिडकीच्या फेऱ्या त्याने वाचतात. पण नसलेली सूची तेही उभी करू शकत नाही. मोडी वाचायला माणूसच लागतो.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. फंक्शनवर इंडेक्स बांधायला गेलं की डेटाबेस एक वचन मागतो: हे फंक्शन त्याच कागदाला दरवेळी तेच उत्तर देईल ना? ऑरॅकलमध्ये 'डिटरमिनिस्टिक' असं लिहून द्यावं लागतं, पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये 'इम्युटेबल'. वचन खोटं दिलं तर मशीन तक्रार करत नाही. ते तुमच्यावर विश्वास ठेवतं आणि मुकाट्याने चुकीचं उत्तर देतं. ओळ असते, पण शोधताना मिळत नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले, आणि ज्यांनी सर्व्हर अद्ययावत केले पण इंडेक्स नव्याने बांधले नाहीत त्यांच्या सूची बिघडल्या. नियम बदलला, सूची जुन्याच नियमाने लावलेली. आपल्या ब्लॉगर मंडळींना तर हे घरचंच आहे. 'गोऱ्हे' आणि 'गोर्‍हे' ही नावं दिसायला सारखी, पण एक सरळ ऱ ने लिहिलेलं आणि दुसरं र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला एक, मशीनला दोन.

मोडी वाचणारा माणूस तर हे वचन देऊच शकत नाही. तोच पुसट शब्द सकाळी ताज्या डोळ्यांनी एक वाचला जाईल आणि संध्याकाळी दुसरा. दोन जाणकार दोन वाचनं करतील. म्हणून २०२३ नंतर सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर गावनिहाय चढवताना मूळ पानांच्या प्रतिमाही ठेवल्या गेल्या, ती मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली. ही यादी म्हणजे आपल्याकडची साउंडेक्सची कार्डंच. फंक्शन एकदा चालवलं, उत्तर गावाच्या क्रमाने लावलं. आता आष्टीच्या किंवा पाटोद्याच्या माणसाला सगळं दप्तर उपसावं लागत नाही. पण यादीत नाव नाही म्हणजे कागदावर नाही, असं मात्र म्हणता येत नाही. वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं नाव यादीत येणारच नाही. मूळ पान जपलेलं असेल तर उद्या कुणीतरी पुन्हा वाचू शकेल. सूची मूळ दप्तराची जागा घेऊ शकत नाही.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटियरचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. त्यावरही बराच वाद झाला, आणि त्यातला एक भाग माझ्या धंद्याच्या भाषेत सांगता येतो. गॅझेटियरात जिल्ह्यात कोणत्या समाजाचे किती लोक याचे आकडे असतात, माणसांची नावं नसतात. बेरीज केली की बेरजेतून पुन्हा माणूस काढता येत नाही. बेरजेवरून समाजाबद्दल काय ठरवायचं हा कायद्याचा प्रश्न आहे, तो तिथेच सुटेल. पण एका मुलाला दाखला हवा असेल तर त्याला लागते ती ओळ: त्याच्याच पूर्वजाची, आणि तिथपासून त्याच्यापर्यंत येणारी वंशावळ.

मला त्या जुन्या पटवाऱ्याचा विचार येतो. १३४० फसलीत बोरू घेऊन बसलेला. त्याने सारा कुणाकडे आहे एवढं नीट लिहिलं आणि सवयीने पुढे एक जातीचा शब्द टाकला. नव्वद वर्षांनी त्या एका शब्दावर कुणाच्या पोराची फी आणि प्रवेश ठरेल, हे त्याला कसं कळावं? उद्या काय विचारलं जाईल हे कुणालाच कळत नाही. म्हणून लिहिताना ज्याच्या त्याच्या प्रश्नापुरतं न लिहिता थोडं जास्त लिहावं, आणि लिहिलेलं फेकू नये, एवढंच आपल्या हातात.

तेव्हा नातेवाईकांना एक विनंती. तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर, देवघरामागच्या पेटीत जुने कागद असतील. त्यातला एकही फाडू नका, की त्यावर पेनाने दुरुस्ती करू नका. एका वहीत फक्त एवढं लिहा: गावाचं आजचं नाव आणि कागदावरचं जुनं नाव, फसली सन आणि शेजारी इसवी सन, जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर, आणि त्या माणसाचं आपल्याशी नातं. ज्याला मोडी येते अशी आजी, आजोबा अजून घरात असतील त्यांनी तर हे याच दिवाळीत उरकावं. त्यांच्याइतकं जलद चालणारं फंक्शन पुढच्या पिढीत कुणाकडेच नसेल.

असो. फारच लांबलं. पण आता मी काय काम करतो हे कुणी विचारू नये :-)